भोसरीतल्या छोट्या कारखान्याची सिक्युरिटी : एजन्सी बदलू की अजून काही करू?

जे_ब्लॉक
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, पितळ आणि लोखंड दोन्हीचे टर्निंगचे पार्ट बनतात, दोन शिफ्ट मिळून साठेक माणसं. गेटवर एजन्सीचे दोन गार्ड, दिवसा एक रात्री एक, बारा-बारा तास. गेल्या काही महिन्यांपासून पितळेची बरी (लेथवर निघणारा कीस-भुगा) कमी भरतेय, म्हणजे आलेल्या बारच्या (कच्च्या सळ्यांच्या) वजनातून तयार माल वजा केला तर जेवढी बरी निघायला पाहिजे तेवढी भंगारवाल्याच्या पावतीवर दिसत नाही. मध्ये एकदा बुधवारच्या रात्री मागच्या भिंतीवरून पितळेचे बारही गेले, गुरुवारी सुट्टी त्यामुळे शुक्रवारी सकाळी कळलं. एजन्सीला फोन केला की ते लगेच गार्ड बदलून देतात, नवीन माणसाला स्टोअर कुठे आणि पॅनल रूम कुठे हे कळेपर्यंत तोही बदललेला असतो. आता दुसऱ्या तीन एजन्सींची कोटेशन आलीत आणि त्यांच्या दरात एवढा फरक आहे की कळत नाही कुणाचं खरं मानायचं. इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. छोट्या कारखान्याने सिक्युरिटीचा विचार नेमका कुठून सुरू करायचा?

पिंपरीकर७८
आधी आठ-दहा कॅमेरे टाका, मोबाईलवर लाईव्ह दिसतात, निम्मा प्रश्न सुटेल.

नायब_सुभेदार
जे ब्लॉक, सविस्तर लिहितो, जरा वेळ काढून वाचा. फौजेतून आल्यावर चाकण पट्ट्यात कारखान्यांची सिक्युरिटीच बघतोय आणि जवळपास प्रत्येक मालक पहिला प्रश्न हाच विचारतो की एजन्सी कुठली घेऊ. हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी कागद घेऊन बसा आणि लिहा की आपल्याकडे जाण्यासारखं काय आहे, ते कुठे ठेवलंय, आणि कुठल्या वेळी कुणाच्या हाताने जाऊ शकतं. तुमच्याकडे पितळ आहे, म्हणजे बार, तयार माल आणि बरी. मशीन कुणी उचलून नेणार नाही. मग बरी जिथे साठते ती जागा, भंगाराची गाडी भरते तो तास आणि मागची भिंत या तीन ठिकाणी तुमचं सगळं लक्ष पाहिजे. आत्ता तुमचा एकुलता एक गार्ड मेन गेटवर व्हिजिटरचं नाव लिहीत बसलाय.

सिक्युरिटीची मूळ तत्त्वं चारच. समोरच्याला हिंमत होऊ नये, हिंमत केलीच तर आपल्याला कळलं पाहिजे, कळल्यावर त्याला उशीर झाला पाहिजे, आणि तेवढ्या उशिरात आपला माणूस तिथे पोचला पाहिजे. लोक पहिल्या आणि तिसऱ्यावर पैसे घालतात, भिंत उंच करतात, तारा लावतात, आणि मधलं कळणं विसरतात. भिंत चढायला चार मिनिटं लागोत नाहीतर चौदा, कुणाला कळतच नसेल तर त्या चौदा मिनिटांचा उपयोग शून्य. म्हणून मागच्या भिंतीला आधी उजेड द्या, भिंतीलगतचं रॅक, पॅलेट, जुने ड्रम हलवून दोन्ही बाजूंनी रिकामी पट्टी ठेवा (आतल्या बाजूचं ते सामान म्हणजे चोराला फुकटची शिडी आहे), आणि एक साधा सेन्सर हूटर लावा. मग तार.

राउंड. तुमचा रात्रीचा गार्ड राउंड मारतो का, आणि मारत असेल तर ठरलेल्या वेळेला मारतो का? बारा, दोन, चार असा राउंड असेल तर आतल्या माणसालाही ते पाठ असतं. पाच-सहा ठिकाणी टॅग लावा, गार्डकडे रीडर द्या, तो टॅगला टेकवला की वेळेची नोंद होते, आणि राउंडची वेळ आणि रस्ता दोन्ही रोज बदलते ठेवा. आणि सकाळी तो रिपोर्ट तुम्ही स्वतः उघडून बघा. मालक बघत नाही हे कळलं की महिन्याभरात सगळे टॅग केबिनच्या खिळ्याला लटकलेले सापडतात.

आता बरीचं. तुमचा माल भिंतीवरून कमी आणि गेटवरून जास्त जात असणार, पावतीनिशी. भंगाराची गाडी येते तेव्हा रिकाम्या गाडीचं वजन कुठल्या काट्यावर होतं, सोबत कोण जातं? पद्धत अशी असते की रिकाम्या वजनाच्या वेळी गाडीत पाण्याचा ड्रम, दोन हमाल, जॅक, साखळदंड सगळं असतं, ते वजन जास्त लागतं. मग वाटेत हे सगळं उतरतं आणि भरलेल्या गाडीतून तेवढं वजन तुमच्या मालातून वजा होतं. भरलेल्या गाडीच्या वेळी एक चाक काट्याच्या प्लॅटफॉर्मच्या कडेवर ठेवणं हा दुसरा प्रकार. आणि तिसरा, तुमच्याकडे दोन धातू आहेत म्हणून सांगतो, वर लोखंडाची बरी आणि खाली पितळेची, पावती लोखंडाच्या भावाने. यावर उपाय म्हणजे पितळेच्या बरीला वेगळा कुलूपबंद पिंजरा, रोज शिफ्ट संपताना आपल्याच प्लॅटफॉर्म काट्यावर वजन आणि रजिस्टरवर दोन सह्या, एक शॉपची एक गेटची. गाडी भरताना गार्ड तिथे उभा पाहिजे आणि तेवढा वेळ गेटवर दुसरा माणूस. भंगाराचे दिवस ठरवा, दिवसाउजेडी, एका दिवशी एकच धातू.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला गेटपास, परत येणारी असेल तर आरजीपी, नसेल तर एनआरजीपी. सही कोणाकोणाची चालेल त्याचे नमुने केबिनमध्ये लावा. जॉबवर्कला (बाहेरच्या शॉपकडे कामाला) गेलेला माल किती दिवसांत परत आला नाही हे दर आठवड्याला काढा, तिथे फार माल मुरतो.

पिंपरीकर७८
सुभेदार काका, मग कॅमेरे नकोच का?

नायब_सुभेदार
पाहिजेत की. पण कॅमेरा झालेलं दाखवतो, थांबवत नाही. एका माणसाला सोळा चौकोन दाखवून बसवला तर अर्ध्या-पाऊण तासात त्याची नजर नुसती फिरते, दिसत काही नाही. कमी कॅमेरे लावा पण बरीचा पिंजरा, काटा, गेटवर नंबर प्लेट दिसेल असा एक, आणि मागची भिंत. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, गार्डच्या केबिनमध्ये ठेवू नका, चोर जाताना तोच घेऊन जातात. त्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का हे महिन्यातून एकदा बघा, नाहीतर पोलिसांना फुटेज देताना पंचाईत होते.

रात्रपाळी
मी गार्डच आहे, मोशीला रूम आहे आमची, पाच जणात. कधी लिहित नाही पण इथे बोलावं वाटलं. साहेब तुम्ही बारा तासाची ड्युटी लिहिली. बारा तास म्हणजे यायला जायला धरून चौदा. रिलिव्हर (बदली गार्ड) आला नाही तर सुपरवायझर म्हणतो डबल मार, म्हणजे चोवीस तास. कोणी खाडा केला तर माणूस मिळत नाही म्हणून जो आहे त्यालाच थांबवतात आणि त्या डबलचे पैसे साध्याच रेटने. पहाटे तीन ते पाच डोळे मिटतातच, मुद्दाम कोणी झोपत नाही. केबिनला पंखा नाही, रात्री संडासला जायचं तर शॉपला कुलूप, मग माणूस पोस्ट सोडून लांब जातो आणि तेवढ्यात काय व्हायचं ते होतं. टॉर्चचे सेल आम्हीच आणतो.

आणि एक महत्वाचं. मागे एका कंपनीत रात्री दीड वाजता गाडी आली, आतला माणूस म्हणाला मी मालकाचा मेव्हणा आहे, गेट उघड, माल ठेवायचाय. मी म्हणालो फोन लावून द्या मालकाला. लावला नाही, शिव्या दिल्या आणि गेला. खरंच मेव्हणा होता. दुसऱ्या दिवशी मालकाने मला सगळ्यांसमोर बोलून साईटवरून काढला. आता सांगा पुढच्या कंपनीत रात्री कोणी मेव्हणा आला तर मी काय करायचं? लिहून द्या ना आम्हाला, रात्री कोणाला उघडायचं कोणाला नाही. लिहिलेलं असलं की आम्ही भांडू शकतो.

नायब_सुभेदार
रात्रपाळी, तुम्ही केलंत ते शंभर टक्के बरोबर होतं आणि त्या मालकाने तुम्हाला बक्षीस द्यायला पाहिजे होतं. जे ब्लॉक, हे लिहून देणं म्हणजेच पोस्ट ऑर्डर. एका पोस्टसाठी एक पान, मराठीत आणि हिंदीत. काय करायचं, काय करायचं नाही, रात्री कोणाला फोन, त्याने उचलला नाही तर कोणाला, आग लागली तर पहिलं काय. त्यावर तुमची सही. आणि मग तो नियम तुमच्या घरच्या माणसालाही लागू. मालकाची गाडी डिकी न उघडता आत गेली की त्या दिवसापासून स्टोअरकीपरचीही उघडत नाही.

आकडेमोड
कोटेशनबद्दल लिहिते, माझं रोजचं काम बिलं तपासण्याचं आहे. फक्त खालचा आकडा बघू नका, फोड मागा. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, हा भत्ता सहा महिन्यांनी बदलतो म्हणून वर्षभर एकच दर देणाऱ्याला विचारा फरक कोण भरणार. त्यावर मालकाचा पीएफ १२ टक्के आणि थोडा प्रशासकीय खर्च, ईएसआय म्हणजे कामगार विमा ३.२५ टक्के (पगार २१,००० पर्यंत असेल तर), बोनस किमान ८.३३ टक्के, रजेचे पैसे, युनिफॉर्म, आणि रिलिव्हिंग म्हणजे सहा दिवसांमागे एक सुट्टी त्याचा सहावा हिस्सा. मग एजन्सीचा सर्व्हिस चार्ज आणि १८ टक्के जीएसटी. एजन्सी कंपनी नसून प्रोप्रायटर किंवा भागीदारी असेल आणि तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर जानेवारी २०१९ पासून हा कर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो, तुमच्या सीएला विचारून घ्या.

ही बेरीज केलीत की कळेल, वैधानिक रक्कमच ज्या दरात बसत नाही तो दर देणारा माणूस पैसे कुठून काढणार? गार्डच्या पगारातून. पीएफ कापतो आणि भरत नाही, युनिफॉर्मचे वळते करतो, ओव्हरटाईम साध्या दराने देतो. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालक म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते. दर महिन्याच्या बिलासोबत मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआय चलन नावांच्या यादीसकट मागा आणि तुमच्या गेटवरच्या माणसांची नावं त्यात आहेत का ते जुळवा. पगार बँकेतूनच.

अजून एक गणित. एक पोस्ट चोवीस तास, आठ तासांच्या शिफ्टने म्हणजे आठवड्याला एकवीस शिफ्ट. एक माणूस सहा करतो. साडेतीन माणसं झाली, रजा-आजारपण धरून चार. तुमच्याकडे दोन आहेत. म्हणजे त्या दोघांना सुट्टी मिळत नाहीये किंवा सुट्टीच्या दिवशी कुणीतरी अनोळखी येतोय.

जे_ब्लॉक
आकडेमोड ताई, हे चार माणसांचं गणित मला आजवर एकाही एजन्सीने सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी अनोळखीच येतो, बरोबर ओळखलंत. आणि तो बुधवार रात्रीचा माणूस रिलिव्हरच होता.

वकिली_चष्मा
कायद्याचं थोडं. खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली लायसन्स लागतं, कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक 'पसारा' म्हणतात त्याला, पाच वर्षांसाठी असतं. प्रत मागा आणि मुदत बघा. गार्डचं वय १८ ते ६५, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, फोटोचं ओळखपत्र. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान वीस कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते कमी, ४० आणि १६. पंधरा गार्डमागे निदान एक सुपरवायझर. लष्कर किंवा पोलिसांसारखा गणवेश घातला तर गार्ड आणि एजन्सी दोघांवर गुन्हा होतो, तेव्हा खाकीचा आग्रह धरू नका.

महाराष्ट्रात याशिवाय १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा वेगळा कायदा आहे, त्याखाली मंडळं आहेत आणि पुणे जिल्ह्यालाही मंडळ आहे. मालक म्हणून नोंदणी केली की मंडळाकडून रक्षक मिळतात, पगार मंडळामार्फत जातो आणि वर लेव्ही, म्हणजे मंडळाची आकारणी, भरायची. एजन्सी घेणार असाल तर या कायद्याच्या बाबतीत तिचा दर्जा काय, तिच्या रक्षकांना सूट मिळालेली आहे का, हे कागदावर मागा. तोंडी नको.

झडतीबद्दल. गार्डला पोलिसांचे अधिकार नाहीत, तुमच्या-माझ्याएवढेच आहेत. कामगाराची झडती ही नेमणुकीच्या अटीत किंवा स्थायी आदेशात लिहिलेली असावी, सगळ्यांची सारखी किंवा लॉटरी पद्धतीने व्हावी, एकाच माणसाला रोज बाजूला घेणं चालणार नाही. चोरी करताना डोळ्यासमोर पकडला तर खासगी माणूसही काही गंभीर गुन्ह्यांत अटक करू शकतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, पण विनाविलंब आणि कुठल्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. केबिनमध्ये बसवून मारहाण करून कबुली लिहून घेणं हे जे प्रकार चालतात त्यात गार्ड आणि मालक दोघंही आत जातात. ११२ लावा, पंचनामा होऊ द्या.

अपर्णा_तळवडे
मी आयटीतून लिहितेय, कारखान्याचा अनुभव नाही, पण एक मुद्दा राहतोय. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीत रविवारी ऑफिसात एकटी काम करणाऱ्या इंजिनिअर मुलीचा खून झाला आणि अटक झाली ती तिथल्या गार्डला. तेव्हापासून मला ही पडताळणी नुसता कागद वाटत नाही. तुमच्याकडे सेकंड शिफ्टला बायका असतील तर रात्री एकटी कोण थांबते, तिला गेटपर्यंत कोण सोडतं, हे ठरवा. बायकांच्या बॅगा बाई गार्डनेच तपासायच्या, आणि त्या बाई गार्डलाही बसायला जागा आणि बाथरूम पाहिजे. एवढी साधी सोय नाही म्हणून त्या टिकत नाहीत.

नायब_सुभेदार
ताईंचा मुद्दा अगदी योग्य. आणि यावरून आगीचं लिहायचं राहिलं होतं. चोरीच्या भीतीने मागचं शटर, इमर्जन्सी एक्झिट यांना कुलूप घालणारे कितीतरी कारखाने आहेत. कराचीत सप्टेंबर २०१२ मध्ये कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, बाहेर पडायचे रस्ते बंद होते, अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या दाराला आतून ढकलल्यावर उघडणारा पॅनिक बार बसवा आणि उघडलं की वाजेल असा अलार्म. चोरही कळेल आणि माणूसही वाचेल.

आपल्याकडे मुळशीत उरवड्याला जून २०२१ मध्ये एका कारखान्याला आग लागली, किती बायका त्यात होरपळल्या. आग लागल्यावर फायर ब्रिगेडवाले गेटवर पहिला प्रश्न विचारतात, आत किती माणसं आहेत? त्याचं उत्तर तुमच्या गार्डच्या रजिस्टरमध्ये असतं. ठेकेदाराची माणसं, गाडीचे ड्रायव्हर-क्लीनर, व्हिजिटर, सगळ्यांची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ. बाहेर जाण्याचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो. आज संध्याकाळी जाऊन तुमचं रजिस्टर उघडा.

सीआयएसएफचं, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं, उदाहरण देतो. १० मार्च १९६९ ला हे दल उभं राहिलं, त्यामागे रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमधली आग आणि तिच्या चौकशीनंतरच्या शिफारशी होत्या. आजही त्यांची स्वतःची फायर विंग आहे. औद्योगिक सुरक्षेत आग आणि चोरी वेगवेगळी धरतच नाहीत. तुमच्या गार्डला सीओटू (कार्बन डायऑक्साईड) आणि पावडरच्या आग विझवण्याच्या सिलेंडरमधला फरक, विजेच्या पॅनलवर पाणी मारायचं नाही, मेन स्विच कुठे आणि वेल्डिंगचं काम संपल्यावरही अर्धा तास तिथे नजर ठेवायची, एवढं हातात धरून शिकवा. दर आठवड्याला गार्ड बदलत असेल तर हे कुणाला शिकवणार?

जे_ब्लॉक
रजिस्टर उघडलं. बाहेरच्या वेळेचा रकाना खरंच निम्मा कोरा आहे. मागच्या शटरला कुलूप होतं ते आजच काढलं, पॅनिक बारची ऑर्डर देतोय. एजन्सीवाल्याला बोलावून सांगितलं की चार ठरलेली माणसं द्या, त्यात रिलिव्हर पण ठरलेला, आठ तासांची शिफ्ट, बदलायचा असेल तर मला आधी विचारून. तो म्हणाला दर वाढेल. म्हटलं फोड लिहून आणा. पितळेच्या पिंजऱ्याचं फॅब्रिकेशन शेजारच्या शॉपला दिलंय.

एक शंका राहिली. रिकाम्या गाडीचं वजन प्रत्येक वेळी करायचं की आरसी बुकावरचं धरायचं? भंगारवाला म्हणतो दरवेळी काट्यावर कशाला नेता, वेळ जातो.

नायब_सुभेदार
प्रत्येक वेळी. आरसीवरचं वजन धरू नका, गाडीला नंतर बॉडी, फाळके, ताडपत्री काय काय लागलेलं असतं. काटा तुम्ही निवडा, दर दोन-तीन खेपांनी बदला, गार्डला सोबत पाठवा आणि रिकाम्या वजनाच्या वेळी ड्रायव्हर खाली, हौद्यात फक्त रिकामा पत्रा दिसतोय असा फोटो काट्याच्या आकड्यासह काढायला सांगा. काट्यावरून गाडी सरळ तुमच्या गेटवर आली पाहिजे, गार्ड गाडीतच बसलेला. वाटेत चहाला थांबू म्हणाला तर नाही म्हणायचं, हेही पोस्ट ऑर्डरमध्ये लिहा.

रात्रपाळी
आणि त्या गार्डला काट्यावर जायचं तेवढा वेळ गेटला कोण, ते पण लिहा साहेब. नाहीतर दोन्हीकडची जबाबदारी त्याच्यावरच येते.

जे_ब्लॉक
स्टोअरच्या माणसाचं नाव घातलंय तिथे. केबिनला पंखा आणि शॉपच्या बाजूच्या टॉयलेटची वेगळी किल्ली पण त्याच पानावर टाकलीय, किल्ली रजिस्टरला नोंद करून.